डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर

भारतीय चित्रकलेच्या इतिहासाचा आरंभ पूर्वी बहुधा अजिंठ्यापासून करीत. तो कितीतरी मागे नेण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते डॉ. वाकणकर आपल्या माळव्याचेच, याचा आम्हां इंदूरकरांस अभिमान वाटतो. १९१९ साली नीमच येथे जन्मलेले वाकणकर स्वतः चित्रकार होते. भोपाळनजीकच्या भीमबेटक्याची नोंद १८८८ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने बौद्ध स्थान म्हणून केली होती. १९५७ साली आगगाडीतून तेथील खडक दिसताच वाकणकरांची जिज्ञासा जागी झाली. ते तेथे पोहोचले आणि आदिमानवाची चित्रे जगापुढे आली. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली. १९८८ साली ते निवर्तले. २००३ साली भीमबेटका जागतिक वारसा ठरले. ग्रंथांइतकीच डोळस पायपीटही विद्येचे साधन होय, हे आम्ही त्यांच्यापासून शिकावे.