महात्मा फुले बांधकाम कंत्राटदारही होते, हे किती जणांना माहितीये?

घोडबंदर रोड असो की कल्याण-शीळ रोड, जिकडे बघाल तिकडे टॉवर उभे राहतायत. पण पोरगा गवंडीकाम किंवा सुतारकाम शिकतो म्हणाला, की घरात तोंडं वाकडी होतात. हे काम कमी दर्जाचं नाही, असं मानणारा एक मोठा माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. त्यांचं नाव जोतीराव फुले.

11 एप्रिल 1827 चा त्यांचा जन्म. 1848 साली पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली, हे आपण शाळेत शिकलोय. पण घर आणि समाजकार्य चालायला पैसा लागतो. जोतीरावांनी तो धंद्यातून उभा केला. 1863 च्या सुमारास त्यांनी धातूचं ओतकाम करणाऱ्यांना लागणारी साधनं विकायला सुरुवात केली. पुढे ते बांधकामाची कंत्राटं घेऊ लागले.

खडकवासल्याचं धरण बांधलं जात होतं तेव्हा तिथे त्यांनी दगड पुरवला. येरवड्याचा पूल आणि कात्रजचा बोगदा या कामांशीही त्यांच्या कंपनीचं नाव जोडलं जातं.

या धंद्यात त्यांना साइटवरची दुनिया जवळून दिसली. राबणारा एक आणि पैसे खाणारा दुसराच. लिहिता-वाचता न येणाऱ्या मजुराला आपला हिशोब तपासता येत नव्हता. 1873 च्या 'गुलामगिरी'त त्यांनी सरकारी इंजिनिअर खात्यातल्या कारभारावरही टीका केली. त्याआधी, 1855 मध्येच, त्यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा सुरू केली होती. दिवसभर राबा आणि रात्री शिका, असा सरळ हिशोब.

त्याच वर्षी, 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्याला मुंबईतून साथ देणाऱ्यांत रामय्या व्यंकय्या अय्यावारू आणि जाया कराडी लिंगू हे तेलुगू कंत्राटदार होते. म्हणजे बांधकामातला पैसा चळवळीच्या कामी आला.

1854 पासून पुण्यात सरकारी इंजिनिअरिंगचा वर्ग होता, पण तो बांधकाम खात्याला हाताखालचे अधिकारी मिळावेत म्हणून. गावातल्या पोराचं काय? 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि ते रोजच्या जगण्यात उपयोगी पडेल असं ठेवा, अशी मागणी केली. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये तर शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीसोबत लोहारी-सुतारीही शिकवावी, असं त्यांनी सुचवलं.

28 नोव्हेंबर 1890 ला जोतीराव गेले.

आज आयटीआयमध्ये गवंडी, सुतार, वायरमन हे रीतसर ट्रेड आहेत. यातल्या काहींना आठवी पासवरही प्रवेश मिळतो. दहावीनंतर सिव्हिल ड्राफ्ट्समनचा 2 वर्षांचा कोर्स करता येतो. हातात कसब, सोबत सर्टिफिकेट आणि स्वतःचा हिशोब स्वतः वाचता येणं, एवढं असलं की मजुराचा कारागीर होतो आणि कारागिराचा कंत्राटदारही होऊ शकतो.