अधू दृष्टीची डोळस कसोटी : रॉबर्ट बॉइल

निळा लिटमस कागद लिंबाच्या रसात बुडवून तो लाल होताना पाहिला नाही, असा विज्ञानाचा विद्यार्थी विरळाच. त्याच शाळेत वायूचा दाब आणि आकारमान यांचा संबंध सांगणारा बॉइलचा नियमही पाठ करावा लागतो. या दोन्ही धड्यांशी एकाच माणसाचे नाते आहे, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. नियमाला रॉबर्ट बॉइल यांचे नाव चिकटले. रंगाच्या कसोटीला ते चिकटले नाही.

बॉइल यांचा जन्म २५ जानेवारी १६२७ रोजी आयर्लंडमधील लिस्मोर किल्ल्यात झाला. वडील रिचर्ड बॉइल हे कॉर्कचे अर्ल आणि त्या काळातील अतिशय धनाढ्य गृहस्थ. रॉबर्ट हे त्यांचे चौदावे अपत्य. तीन वर्षांचे असतानाच आईचे छत्र हरपले. आठव्या वर्षी त्यांना इंग्लंडमधील ईटन येथे शिकायला धाडण्यात आले आणि पुढे शिक्षकासोबत ते युरोपच्या प्रवासाला निघाले. १६४२ च्या आरंभी गॅलिलिओ यांचे निधन झाले, त्या सुमारास पंधरा वर्षांचे बॉइल फ्लॉरेन्समध्येच होते. परतल्यावर डॉर्सेटमधील स्टॉलब्रिजच्या वाड्यात त्यांनी भट्ट्या आणि काचपात्रे जमवली, आणि रसायनाचा जो नाद लागला तो अखेरपर्यंत सुटला नाही.

प्रकृतीने मात्र त्यांना कधीच साथ दिली नाही. तिशी गाठण्यापूर्वीच आजारपणाने दृष्टी अधू झाली. पुढचे बहुतेक लेखन त्यांना लेखनिकांकडून करून घ्यावे लागले; प्रयोगांसाठीही साहाय्यकांचे हात आणि डोळे लागत. ऑक्सफर्डमध्ये रॉबर्ट हूक यांच्यासारखा कुशल साहाय्यक लाभला आणि त्याने वातपंप सिद्ध करून दिला. त्यावरील प्रयोगांचे पुस्तक १६६० मध्ये निघाले, तर सुप्रसिद्ध नियम १६६२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपला प्रयोग दुसऱ्याने पाहावा, पुन्हा करून पाहावा, म्हणून बॉइल त्याचा तपशील पाल्हाळ वाटावा इतका बारकाईने लिहीत. ज्याला स्वतःच्या डोळ्यांचा पुरता भरवसा नव्हता, त्याने चार साक्षीदारांना दिसेल अशाच पुराव्याचा आग्रह धरला.

रंगांवरील त्यांचा ग्रंथ १६६४ मध्ये प्रकाशित झाला. त्यातील एक प्रयोग अगदी साधा आहे. व्हायोलेटच्या फुलांचा निळा पाक त्या काळी औषधविक्रेत्यांकडे सहज मिळे. पांढऱ्या कागदावर त्याचे थेंब टाकायचे. एकावर व्हिनेगर किंवा दुसरे कोणतेही आम्ल घातले की तो लाल होतो. दुसऱ्यावर लाकडाच्या राखेतील क्षाराचे पाणी घातले की तो हिरवा होतो.

फुलांचे रंग असे पालटतात, हे रंगाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. आपल्याकडेही हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुंकू करणाऱ्यांना कोणी शिकवावे लागले नाही. बॉइल यांचे श्रेय वेगळे आहे. एखाददुसऱ्या पदार्थाची गंमत म्हणून त्यांनी या बदलाकडे पाहिले नाही. अनेक पदार्थ तपासून त्यांनी त्यातून नियम बांधला. निळ्या पाकाला लाल करणारी ती आम्ले, हिरवे करणारे ते क्षार. आणि रंग जसाच्या तसा ठेवणारे पदार्थ या दोन्हींहून निराळे. तोवर आंबट-खारट ठरवण्याचे काम प्रामुख्याने जिभेवर होते. जीभ माणसागणिक बदलते आणि विषासमोर ती धोक्यातही येते. ती जोखीम आता कागदावरच्या थेंबाने पत्करली.

हीच दृष्टी त्यांनी पाण्याकडे वळवली. औषधी झऱ्यांच्या पाण्याविषयीचे त्यांचे पुस्तक १६८५ चे. झऱ्यात लोह आहे का, हे पाहण्यासाठी त्यात मायफळाचा अर्क घालावा. लोह असेल तर पाणी शाईसारखे काळवंडते. बाळगुटीतले मायफळ ते हेच. त्यांचे भाचे रॉबर्ट फिट्झजेराल्ड यांनी समुद्राचे पाणी गोडे करण्याचा उद्योग हाती घेतला, तेव्हा त्या पाण्यात मीठ उरले आहे का, हा जहाजावरील माणसांच्या जिवाचा प्रश्न होता. चांदी आम्लात विरघळवून तिचे थोडे थेंब पाण्यात टाकायचे. मीठ असेल तर पाणी दुधाळ होते. ही रीत बॉइल यांच्या मृत्यूनंतर १६९३ मध्ये प्रसिद्ध झाली.

उघड पुराव्याचा हा पुरस्कर्ता एका बाबतीत मात्र कमालीचा गुप्त होता. हलक्या धातूचे सोने होते यावर बॉइल यांचा विश्वास होता आणि त्या प्रयोगांच्या नोंदी ते सांकेतिक भाषेत ठेवत. सोने बनवण्यावर बंदी घालणारा जुना कायदा १६८९ मध्ये रद्द झाला, त्यामागेही त्यांचे प्रयत्न होते. सोने काही हाती लागले नाही. जे झाकून ठेवले ते वाया गेले आणि जे सर्वांसमोर मांडले तेच टिकले.

१६६८ पासून ते लंडनमध्ये थोरली बहीण कॅथरीन यांच्या घरी राहत होते. १६७० मध्ये पक्षाघाताचा झटका आला. त्यातून ते हळूहळू सावरले. १६८० मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद चालून आले. परंतु शपथ घेण्यास मन धजेना, म्हणून त्यांनी ते नाकारले. लग्न त्यांनी केले नाही. बहीण हाच त्यांचा संसार होता. डिसेंबर १६९१ मध्ये ती गेली आणि तिच्यामागे आठवडाभरात बॉइल यांनीही देह ठेवला. सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. पुढे ते चर्च पाडून नवे बांधले गेले आणि थडग्याची जागा हरवली.

शेतकरी मातीचा सामू पाहतो, परिचारिका मूत्रातील साखरेची पट्टी बाटलीवरच्या रंगांशी ताडून बघते. त्यांची रसायने निराळी आहेत, बॉइल यांना ती ठाऊकही नव्हती. निर्णय मात्र आजही तसाच होतो : एक थेंब, एक कागद आणि कोणालाही दिसेल असा रंग.