परिचारिकांच्या पाठीराख्या रमाबाई

रमाबाई रानडे यांचे नाव निघाले की न्यायमूर्ती रानड्यांच्या सुविद्य पत्नी आणि ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकाच्या लेखिका, या दोन ओळखींपाशी आपण सहसा थांबतो. दोन्ही खऱ्याच, परंतु त्यांच्या आड रमाबाईंचे एक मोठे कार्य झाकले गेले आहे. रुग्णशुश्रूषा हा घरंदाज स्त्रीने पत्करण्याजोगा सन्मानाचा व्यवसाय आहे, ही गोष्ट सनातनी पुण्याच्या गळी उतरविणाऱ्यांत त्या अग्रणी होत्या.

देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांच्या घरी १८६२ साली जन्मलेली ही मुलगी १८७३ मध्ये, अवघ्या अकराव्या वर्षी, रानड्यांच्या घरात आली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी प्रथम पत्नीच्या निधनानंतर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अल्पवयीन मुलीशी विवाह केला, यावर त्या काळी टीका झाली. ती अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. रानड्यांनी मात्र पत्नीला शिकविण्यात कसूर केली नाही. त्या शिक्षणाची किंमत रमाबाईंनी माजघरात मोजली. १८८४ मध्ये पुण्यात मुलींच्या हायस्कुलाच्या प्रयत्नात त्यांनी भाग घेतला, भर सभेत इंग्रजीतून वाचन केले आणि घरी वडीलधाऱ्या स्त्रियांची बोलणी खाल्ली. त्या उलटून बोलल्या नाहीत आणि शिकायच्याही थांबल्या नाहीत. विरोध करणाऱ्यांशी नाते न तोडता आपले काम पुढे रेटण्याची ही सवय त्यांना पुढे फार उपयोगी पडली.

१९०१ मध्ये रानडे गेले, तेव्हा रमाबाईंची चाळिशीही उलटली नव्हती. काही काळ त्यांनी एकांतवासात काढला आणि मग सार्वजनिक कामास वाहून घेतले. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन काढले. पुढच्याच वर्षी पुण्याचे सेवासदन उभे राहिले. गोपाळ कृष्ण देवधर यांचे संघटनाकौशल्य आणि रमाबाईंचे अध्यक्षपद यांच्या बळावर ते वाढले. तेथे लेखन-वाचन, शिवणकाम, अध्यापन असे अनेक वर्ग चालत. त्या सर्वांत अवघड होता तो परिचारिकांचा.

हे अवघड का होते? डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींचे कौतुक पुण्याने केले होते. परंतु परिचारिकेच्या वाट्याला ते कौतुक नव्हते. परक्या पुरुषाच्या अंगास हात लावणे, कोणत्याही जातीच्या रुग्णाचे मलमूत्र काढणे, रात्रपाळीला घराबाहेर राहणे आणि त्याबद्दल पगार घेणे, या चारही गोष्टी उच्चवर्णीय घरांना निषिद्ध वाटत. १८९७ च्या प्लेगने तर इस्पितळ या शब्दाचीच धास्ती घातली होती. आणि तरीही याच घरांतून आजाऱ्याचे अंथरूण, बाळंतिणीची खोली आणि म्हाताऱ्यांची उस्तवार कोणाच्या गळ्यात पडत असे? बहुधा घरातल्या विधवेच्या. तेच कष्ट तिने घरात फुकट केले तर ते कर्तव्य, आणि इस्पितळात वेतन घेऊन केले तर ती बेअब्रू!

रमाबाईंनी यावर व्याख्याने झोडण्यापेक्षा व्यवस्था उभी केली. ससून रुग्णालयात परिचारिका व सुइणीच्या शिक्षणाची सोय झाली. राहण्यासाठी वसतिगृह मिळाले आणि मुलगी कोठे राहते, कोणाच्या देखरेखीखाली असते, या घरच्यांच्या शंकेला उत्तर मिळाले. रानड्यांची विधवा, आचाराने जुन्या वळणाची, स्वतः या मुलींच्या पाठीशी उभी आहे, याचा परिणाम कोणत्याही युक्तिवादाहून अधिक झाला. माजघराची भाषा त्यांना अवगत होती. माजघराचे मन वळविणेही त्यांनाच साधले.

या कार्याचे मोल सांगताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. रमाबाईंच्या कितीतरी आधी ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन परिचारिका हे काम निष्ठेने करीत होत्या. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १८९७ मध्ये प्राण ठेवला होता. उच्चवर्णीयांनी हात घातल्यावरच एखाद्या कामाला प्रतिष्ठा यावी, हा दोष रमाबाईंचा नव्हे. तो आपल्या समाजरचनेचा आहे.

१९२४ मध्ये रमाबाई निवर्तल्या. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली आणि या व्यवसायाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. पण समाजाच्या मनाचे काय? २०२० च्या मार्चमध्ये आपण आरोग्यसेवकांसाठी थाळ्या वाजविल्या. आणि त्याच सुमारास काही ठिकाणी घरमालकांनी आणि शेजाऱ्यांनी परिचारिकांना खोल्या सोडण्यास सांगितल्याच्या बातम्याही आपण वाचल्या. शतकापूर्वीचा विटाळ नवे नाव घेऊन परतला होता, असेच म्हणावे लागेल.

दरवर्षी १२ मे रोजी परिचारिका दिन येतो, पुष्पगुच्छ दिले जातात, सेवाभावावर भाषणे होतात. रमाबाईंनी कामाची सुरुवात गौरवाने केली नव्हती. प्रशिक्षण, सुरक्षित निवारा आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे साधन त्यांनी आधी दिले. कंत्राटी नेमणुकीवर, अपुऱ्या वेतनात आणि रुग्णांच्या वाढत्या संख्येपुढे राबणाऱ्या आजच्या परिचारिकेला याच तीन गोष्टी हव्या आहेत. सेवाभावाची स्तुती करून हे देणे फिटणारे नाही.