बाळू पालवणकर : ज्याच्या हातचा चेंडू चालला, चहा चालला नाही

विहाराच्या वर्धापनदिनाच्या अंकात क्रिकेटवाल्याचं चरित्र कशाला, असं काही उपासक विचारतील. त्यातून हा माणूस पुढे निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरुद्ध उभा राहिलेला. तरीपण लिहितो. मांजरेच्या काठावर दिवसभर टेनिस बॉल बडवणाऱ्या आमच्या कळंबच्या पोरांना सगळे खेळाडू तोंडपाठ आहेत, पण बाळूचं नाव विचारलं की ती एकमेकांकडे बघतात.

बाळू बाबाजी पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. चर्मकार समाजातलं घर, मूळ कोकणातल्या पालवणचं, म्हणून पालवणकर. वडील फौजेत नोकरीला होते. लष्करी वस्तीत गोरे शिपाई खेळत, त्यांनी टाकून दिलेल्या सामानावर पोरं शिकली. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल, चारही भाऊ पुढे नावाजलेले खेळाडू झाले. एका घरात चार!

शाळा लवकर सुटली. पुण्यात पारशांच्या क्लबात मैदान झाडायचं आणि खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या क्लबात चार रुपयांवर गेले. जाळी बांधायची, चुना मारायचा आणि वेळ पडली की साहेबाला सरावासाठी चेंडू टाकायचा. तिथला ग्रेग नावाचा अव्वल फलंदाज म्हणे बाद झाला की दर वेळी आठ आणे द्यायचा. डाव्या हाताची संथ फिरकी त्या सरावात घोटली गेली. रोज शेकडो चेंडू टाकले, पण बॅट हातात द्यावी असं कुणाला वाटलं नाही. ती साहेबाची. राबणाऱ्याचं कसब दुसऱ्याच्या कामासाठी वापरलं जातं, हे गिरणीत जन्म घालवलेल्या माझ्यासारख्याला समजावून सांगायला नको.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळूशिवाय ते जमणार नाही हे दिसत होतं, पण जात आडवी येत होती. बराच वाद झाला आणि शेवटी घेतलं. कसं घेतलं ते बघा. मैदानात चेंडू सगळे एकच हाताळत, पण चहाच्या वेळेला बाकीचे आत चिनी मातीच्या कपात पीत आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. जेवण वेगळं. सामने जिंकायला लागल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत, अशा अर्थाची समज दिल्याचं सांगतात. मग हळूहळू पंगत उघडली. विकेटी पडल्या म्हणून उघडली, हे विसरू नये.

प्लेगाच्या सुमारास बाळू मुंबईला आले. तिथे हिंदू जिमखान्याकडून खेळले, रेल्वेत नोकरीही मिळाली. १९०६ साली हिंदूंनी युरोपियन संघाला शंभरावर धावांनी हरवलं, त्यात बाळूंच्या आठ विकेटी. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेला गेला, तेव्हा बाळू आणि शिवराम दोघे त्यात होते. २३ सामन्यांत फक्त ६ जिंकले. पण एकट्या बाळूंनी सर्व सामने धरून ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ! वय तेव्हा पस्तिशीचं.

परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्यात कॉलेजात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या भीमरावांचा पुढाकार होता, असं अभ्यासक सांगतात. आपल्यातला एक माणूस साहेबाच्या देशात जाऊन साहेबाला बाद करतो, याचं त्या काळी केवढं अप्रूप असेल!

एवढं होऊनही कप्तानपद नाही. दर वर्षी बाळूंचं नाव निघायचं आणि दर वर्षी वरच्या जातीचा कुणीतरी कप्तान व्हायचा. १९२० साली शिवराम आणि विठ्ठल या भावांनी संघातून अंग काढून घेतलं आणि कारण जाहीर केलं. त्याला मी संपच म्हणेन. मग तडजोड झाली. बाळूंना उपकप्तान केलं, आणि कप्तान पै मैदानाबाहेर गेले तेव्हा काही वेळ संघ बाळूंनी चालवला. तेवढंच. मात्र १९२३ साली धाकटा विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला आणि त्या वर्षीचे चौरंगी सामने हिंदूंनीच जिंकले.

आता अवघड भाग. विभक्त मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या बाजूला नव्हते. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांसमोर उभं केलं. भायखळा-परळचा गिरणगाव. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. काँग्रेसला बाबासाहेबांसमोर उभा करायला आपल्यातलाच लाडका माणूस लागला, ही त्यातली खरी गोम. बाळू वापरले गेले असं माझं मत आहे. कुणी म्हणेल त्यांचा तसा विश्वास होता. असेलही. पण जिमखान्याने कप्तान केलं नाही म्हणून भाऊ संघाबाहेर पडले, त्याच घरातल्या माणसाला राजकारणातला तोच डाव दिसला नसेल?

पहिल्या दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत, सरासरी पंधराच्या घरात. आजही हा आकडा भल्याभल्यांना लाजवील. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ सालचा, तोवर बाळूंचं वय खेळाच्या पलीकडे गेलं होतं.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू वारले. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर पंधरा महिन्यांनी झाली.