बाळशास्त्री जांभेकर: दोन भाषांचं फीड, तेही १८३२ मध्ये

न्यूज अ‍ॅपमध्ये भाषा बदलली की बातम्याही बदलतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. त्यामागे बऱ्याचदा फीड असतं, म्हणजे साइटवरच्या ताज्या मजकुराची यादी, जी अ‍ॅप अधूनमधून तपासत राहतं. मागच्या नोकरीत आम्ही असं दोन भाषांचं फीड बनवलं, पण मराठी मजकुरावर टॅग राहिला इंग्रजीचा. स्क्रीन रीडर मराठी बातमी इंग्रजी उच्चारात वाचायला लागला! ते निस्तरताना मला सारखे बाळशास्त्री आठवत होते.

जन्म १८१२ चा, कोकणातल्या पोंभुर्ल्याचा. मुंबईत येऊन शिकले. संस्कृत आणि इंग्रजी तर येतच होतं, शिवाय बंगाली, गुजराती, फारसी, फ्रेंच अशा कितीतरी भाषा. पुढे एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापकही झाले.

६ जानेवारी १८३२ ला, वयाच्या विशीत, त्यांनी ‘दर्पण’ सुरू केलं. आधी पाक्षिक, मग काही महिन्यांतच साप्ताहिक. यातलं डिझाइन बघा: एकाच पानावर दोन उभे रकाने, एकात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी. इथल्या लोकांना नव्या विद्येची ओळख व्हावी, आणि इथले लोक काय विचार करतात हे साहेबालाही कळावं, असा दुहेरी हेतू. आपण आज काय करतो? मूळ मजकूर इंग्रजीत, मराठी ‘नंतर टाकू’. दर्पणमध्ये मराठीला थांबावं लागत नव्हतं, दोन्ही एकाच अंकात.

तांत्रिकदृष्ट्या मात्र ही रचना आज जशीच्या तशी उचलू नका. आरएसएसमध्ये भाषेचा टॅग अख्ख्या चॅनेलला एकच असतो, प्रत्येक बातमीला वेगळा नाही. म्हणून मराठीचं फीड वेगळं ठेवा आणि त्यावर ‘एमआर’ हा कोड लावा. अ‍ॅटममध्ये प्रत्येक नोंदीची भाषा वेगळी सांगता येते, तो प्रकार दर्पणच्या जास्त जवळचा. (आम्ही शेवटी दोन फीडच केली.)

दर्पणचे वर्गणीदार थोडे होते, छपाई महाग, आणि प्रत्येक अंकासाठी दोन भाषांतलं काम. तरी ते आठ वर्षं चाललं. १८४० मध्ये बंद झालं, आणि त्याच वर्षी बाळशास्त्रींनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढलं. भूगोल, भौतिकशास्त्र, इतिहास, सगळं मराठीत. १८४५ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून घेतली. पुढच्याच वर्षी, मे १८४६ मध्ये, ते गेले. वय जेमतेम चौतीस.