प्लेगची लस, परळची लॅब आणि बाटली नंबर ५३-एन: वाल्डेमार हाफकिन यांची गोष्ट

तुमच्या फोनमध्ये कोविड लशीचं सर्टिफिकेट अजून कुठेतरी पडलेलं असेल. गॅलरीत, डिजिलॉकरमध्ये, नाहीतर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. एकदा उघडून बघा. डोसच्या तारखेशेजारी बॅच नंबर दिसेल. खरं सांगा, तेव्हा तो कोणी वाचला होता? लस घेतली, फोटो काढला, स्टेटस ठेवलं, विषय संपला. पण बाटलीवरच्या अशाच एका नंबरमुळे मुंबईतल्या एका शास्त्रज्ञाचं आयुष्य पार उलटंपालटं झालं होतं.

आम्हा माणिकपूरच्या लोकांना परळ काही नवीन नाही. घरात कोणाचं मोठं दुखणं निघालं की वसई रोडवरून पहाटेची लोकल पकडायची आणि केईएम नाहीतर टाटा गाठायचं. त्याच भागात आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन इन्स्टिट्यूटची पाटी आहे. मी कित्येक वर्षं समजत होतो की हाफकिन हे एखाद्या कंपनीचं नाव असणार. ते एका माणसाचं आडनाव आहे, आणि तो माणूस ना मुंबईचा होता ना इंग्लंडचा.

लायब्ररीतला शास्त्रज्ञ

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा, ओडेसा शहरातला. आज हे शहर युक्रेनमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. कुटुंब ज्यू. त्या काळात तिथे ज्यू वस्त्यांवर हल्ले व्हायचे. विद्यार्थी असताना हाफकिन वस्तीचं रक्षण करणाऱ्या गटात होते, त्यात जखमी झाले, अटकही झाली. त्यांना सोडवायला धावले ते त्यांचे प्राध्यापक मेचनिकोव्ह. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवणारे आणि पुढे नोबेल मिळवणारे, तेच हे मेचनिकोव्ह.

पुढे प्राध्यापकी हवी असेल तर धर्म बदला, अशी अट समोर आली. हाफकिन यांनी नाही म्हटलं आणि १८८८ मध्ये देश सोडला. आधी जिनिव्हा, मग पॅरिस. तिथे लुई पाश्चर यांच्या संस्थेत जागा होती ती फक्त मदतनीस लायब्ररियनची. त्यांनी ती घेतली. दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात लॅबमध्ये कॉलराचे जंतू वाढवायचे!

१८९२ च्या जुलैमध्ये त्यांनी कॉलराची लस तयार केली आणि पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. आपण नवीन ॲपचं बीटा व्हर्जन आधी स्वतःच्या फोनवर टाकून बघतो ना, तसंच म्हणा. फरक इतकाच की इथे फोन हँग झाला असता तर रीस्टार्ट करता आला नसता.

युरोपात या लशीचं फार कौतुक झालं नाही. म्हणून जिथे कॉलरा खरोखर माणसं मारत होता तिथे, म्हणजे हिंदुस्थानात, ते १८९३ मध्ये आले. कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये लोक सुईला घाबरत होते. परदेशी माणूस, अनोळखी औषध, घाबरणारच. हाफकिन यांनी चौधरी, घोष, चटर्जी आणि दत्त अशा स्थानिक डॉक्टरांना सोबत घेतलं आणि लोकांसमोर स्वतःला टोचून दाखवलं.

तिथेच त्यांनी अजून एक शहाणपणाची गोष्ट केली. एकाच वस्तीत, एकाच तळ्याचं पाणी पिणाऱ्या लोकांत लस घेतलेले आणि न घेतलेले यांची वेगळी नोंद ठेवली. कट्टल बागान वस्तीत साधारण २०० माणसं होती. ११६ जणांनी लस घेतली, ८४ जणांनी नाही. नंतर तिथे कॉलराच्या १० केसेस झाल्या, ७ जण गेले आणि हे सगळे न घेतलेल्यांपैकी होते. आज कुठल्याही औषधाच्या चाचणीत कंट्रोल ग्रुप हा शब्द येतो. तो म्हणजे हेच.

मुंबईत गाठीचा ताप

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात लोकांना अचानक सणसणीत ताप यायला लागला, काखेत आणि जांघेत गाठी यायच्या आणि चार-पाच दिवसांत माणूस संपायचा. हा प्लेग आहे, हे पहिल्यांदा ओळखलं मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे, पुढच्या वेळी तिथून जाताना मान वर करून बघा.

लाखो लोक शहर सोडून पळाले. वांद्र्याच्या गल्ल्यांमध्ये लोकांनी उभारलेले प्लेगचे क्रूस आजही दिसतात. साथ पुण्यात पोचली. मार्च १८९७ मध्ये रुग्णांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. घराघरात घुसून झडत्या घेणाऱ्या रँडचा चापेकर बंधूंनी जूनमध्ये केलेला वध आपण शाळेत शिकलोय. पण त्याच काळात भायखळ्याला काय चाललं होतं, हे पुस्तकात नव्हतं, निदान माझ्या तरी.

हाफकिन ७ ऑक्टोबर १८९६ ला मुंबईत पोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. बस. एवढ्यावर जगातली पहिली प्लेगची लस बनवायची होती.

तूप घातलेलं सूप

आता जरा टेक्निकल भाग, पण सोपा आहे. लस म्हणजे शरीराला दिलेला शत्रूचा फोटो. हाफकिन यांच्या लशीत मेलेले जंतू असायचे. जंतू मेलेला असल्यामुळे आजार करत नाही, पण शरीर त्याला ओळखून ठेवतं. कोव्हॅक्सिनचं मूळ तत्त्व हेच आहे, तिथे फक्त जंतूच्या जागी मारलेला व्हायरस असतो.

अडचण वेगळीच होती. जंतू मारायच्या आधी ते भरपूर वाढवावे लागतात. एका माणसाला पुरतील एवढे वाढवणं सोपं, लाखो माणसांना पुरतील एवढे वाढवणं हे इंजिनीअरिंगचं काम आहे. हाफकिन यांनी काचेच्या फ्लास्कमध्ये मांसाचं पातळ सूप भरलं. गाय किंवा डुकराचं मांस वापरलं तर इथे लस कोणी घेणार नाही हे ओळखून बकऱ्याचं मटण घेतलं. आणि वरून तुपाचे थेंब सोडले.

हो, तूप! प्लेगच्या जंतूंना तरंगत्या तुपाचा आधार मिळाला की ते त्याला धरून खाली वाढत जातात. गुहेच्या छताला चुनखडीचे सुळके लटकतात ना, तसे बारीक पांढरे सुळके सुपात लटकायला लागतात. फ्लास्क जरा हलवला की ते तुटून तळाशी जातात आणि वर नवीन पीक येतं. पाच-सहा आठवडे असं करत राहायचं. याचा दुसरा फायदा म्हणजे असे सुळके प्लेगच्याच जंतूंचे होतात, त्यामुळे भेसळ झाली तर डोळ्यांना कळायचं. मग फ्लास्क ६५ अंशांच्या आसपास तासभर तापवायचा, जंतू मरतात. वरून थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं, म्हणजे नंतर दुसरं काही वाढायला नको. महागडं मशीन नाही, सेन्सर नाही. सगळं काच, तूप, मटण आणि घड्याळावर.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे लोकांना दिली त्यापेक्षा मोठ्या डोसमध्ये. ताप आला, अंग दुखलं, माणूस वाचला.

महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वतःहून तयार झालेल्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही. ज्यांना टोचायच्या आधीच लागण झाली होती ते सोडले, तर लस घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही बरे झाले. न घेतलेल्यांपैकी १२ आजारी पडले, ६ दगावले. (कैद्यांवर अशी चाचणी आज कुठलीही एथिक्स कमिटी सहजासहजी पास करणार नाही, आणि ते बरंच आहे.)

मग मागणी वाढली. आगाखान यांनी स्वतः लस घेतली, आपल्या समाजाला घ्यायला लावली आणि लॅबसाठी आपला खुश्रू लॉज बंगला दिला. १८९९ मध्ये लॅब परळला, गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात आली. तीच आजची जागा.

मुल्कोवाल

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली गेली, पाच बाटल्यांमधून. आठवड्याभरात १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे गेले. बाकीच्या ८८ जणांना काही झालं नाही. १९ ही जण एकाच बाटलीतले होते. तिचा नंबर ५३-एन. परळच्या लॅबमध्ये ती ४१ दिवस आधी भरली होती.

चौकशी समिती बसली. प्रश्न एकच, धनुर्वाताचा जंतू बाटलीत कुठे शिरला? परळमध्ये की गावात? पंजाबची प्रचंड मागणी भागवायला हाफकिन यांनी पद्धत बदलली होती. कार्बोलिक ॲसिड काढून टाकून फक्त उष्णतेवर भर दिला होता. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हेच चालायचं, पण समितीला त्यात हलगर्जीपणा दिसला. हाफकिन यांना कामावरून दूर केलं गेलं आणि ते लंडनला गेले.

खरं तर गावातली हकीगत कागदावर आली होती. ५३-एन उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला. तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढलं गेलं. आपल्याकडे खिळा लागला की लगेच टीटीचं इंजेक्शन घेतात, का? तर धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. जंतू परळमध्येच शिरला असता तर ४१ दिवसांत बाटलीला घाण वास सुटला असता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरने वास घेऊन बघितला होता, त्याला वेगळं काही जाणवलं नव्हतं. शिवाय विष आधीच तयार असतं तर लोकांना त्रास आठवड्याने नाही, लवकर सुरू झाला असता.

आज आपण याला लॉग वाचून एरर शोधणं म्हणू. पाचही बाटल्यांना नंबर होते, कोणाला कुठली टोचली याची नोंद होती, म्हणून तर दोष एका बाटलीपर्यंत नेता आला. पण नंबर बाटलीपर्यंतच पोचवतो. त्यापुढे काय झालं हे शोधायला ऐकून घेणारी माणसं लागतात, आणि इथे ती उशिरा भेटली. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले, वर्तमानपत्रांत लिहीत राहिले. १९०७ मध्ये दहा शास्त्रज्ञांनी मिळून पत्र छापलं. त्याच वर्षी सरकारने त्यांना दोषमुक्त केलं. पाच वर्षं गेली होती.

माझं मत विचाराल तर खरी शिक्षा त्यानंतरच झाली. त्यांना परत नेमलं ते कलकत्त्याला, कारण परळची खुर्ची दुसऱ्याला दिली होती. नवीन लशींच्या चाचण्या करायची परवानगी मिळाली नाही. अजून सोपी, सुरक्षित लस बनवण्याच्या कल्पना डोक्यात असलेला माणूस कागदावर संशोधन करत राहिला आणि निवृत्त होऊन युरोपात परतला.

दरम्यान परळहून लस जातच होती. १८९७ ते १९२५ या काळात जवळपास २ कोटी ६० लाख डोस इथून बाहेर गेले.

मुल्कोवालसारखा प्रसंग टाळायला आज बरीच साधनं आली आहेत. एकदा वापरली की आपोआप लॉक होणारी सिरिंज आहे. बूच न काढता रबरातून सुई घालता येणाऱ्या सीलबंद व्हायल आहेत. पोलिओच्या बाटलीवर एक छोटा गोल असतो, आत चौकोन. उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो. तो बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की बाटली फेकायची. बॅटरी नाही, चिप नाही, नुसता रंग. हे थेंब आपल्याला लहानपणी पाजले गेले, आणि पोलिओची ही लस बनवणाऱ्यांत परळची हाफकिन बायोफार्मासुद्धा आहे.

१९२५ मध्ये परळच्या लॅबला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव दिलं गेलं. तेव्हा ते हयात होते, पण इथे नव्हते. कळवल्यावर त्यांनी आभाराचं पत्र पाठवलं आणि आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं मुंबईतल्या कामात गेली असं लिहिलं. मुल्कोवालच्या आधी ती वर्षं जेमतेम सहा होती. लग्न केलं नव्हतं. १९३० च्या ऑक्टोबरमध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ते वारले आणि जमवलेली पुंजी ज्यू मुलांच्या धार्मिक शाळांसाठी ठेवून गेले. भारताच्या टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं ते १९६४ मध्ये.