आपल्या झेंड्याखालची हार

मे महिन्याच्या सुट्टीत नातू घरी आला की टीव्हीचा ताबा त्याच्याकडे जातो आणि मी निमूटपणे फुटबॉल पाहू लागतो. या सुट्टीत त्याने एका वहीत देशोदेशीच्या थोर फुटबॉलपटूंच्या याद्या करायचा सपाटा लावला होता. ब्राझील झालं, अर्जेंटिना झालं आणि एका दुपारी कोरियाची पाळी आली. त्याचा पहिला क्रमांक ठरलेलाच होता. सोन ह्युंग-मिन, टॉटनहॅमकडून खेळताना २०२१-२२ च्या मोसमात २३ गोल करून इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक गोलांच्या मानात वाटेकरी झालेला. दुसरा पार्क जी-सुंग, मँचेस्टर युनायटेडचा. तिसरं नाव माझ्या आग्रहावरून लिहिलं गेलं, चा बुम-कुन. जर्मनीत जाऊन १९८० साली फ्रँकफर्टबरोबर आणि १९८८ साली लेव्हरकुसेनबरोबर युएफा कप जिंकलेला हा खेळाडू माझ्या पिढीच्या लोकांना चांगला आठवतो.

मग मी त्याला चौथं नाव सांगितलं आणि ते सर्वांत वर लिही म्हटलं. किम योंग-सिक. नातवाने मोबाइलवर शोधाशोध केली. त्याला सापडले ते दोन आकडे. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये बारा-शून्य आणि १९५४ च्या विश्वचषकात नऊ-शून्य. दोन्ही पराभव कोरियाचे, आणि दोन्ही वेळा हा माणूस संघाबरोबर. इतकं हरलेल्या माणसाला पहिला क्रमांक कशासाठी, असा रास्त सवाल त्याने केला. त्या दुपारी मला नीटसं उत्तर देता आलं नाही. ते आज सवडीने देतो आहे.

कोरियात आडनाव आधी येतं, म्हणून किम हे आडनाव. त्यांचा जन्म २५ जुलै १९१० चा, ह्वांगहे प्रांतातल्या सिनचोनचा. हा भाग आज उत्तर कोरियात आहे. मूल जेमतेम पाच आठवड्यांचं असताना, २९ ऑगस्ट १९१० रोजी, जपानने कोरिया खालसा केल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे खालसा हा शब्द डलहौसीमुळे घराघरांत माहीत आहे. तिथे एखादं संस्थान नव्हे, तर सबंध देशच खालसा झाला. पुढची पस्तीस वर्षं या मुलाला स्वतःचा देश नव्हता.

त्याचे वडील किम इक-दू हे नावाजलेले ख्रिस्ती धर्मोपदेशक. तरुणपणी ते बाजारातले नामांकित दांडगट होते. पुढे धर्माकडे वळले आणि इतके पालटले की त्यांचं प्रवचन ऐकायला हजारोंनी माणसं जमू लागली. घरात शिस्त कडक होती. ती मुलाच्या अंगात मुरली, पण त्याने देव शोधला तो मैदानात, असं म्हणायला हरकत नाही. त्याने दारूला आणि तंबाखूला आयुष्यभर हात लावला नाही. दहा हजार दिवस एकट्याने सराव करायचा असा त्याने तरुणपणी नेम केला आणि तो पाळला, असं कोरियात आजही सांगतात. दहा हजार दिवस म्हणजे सत्तावीस वर्षांहून जास्त. आपल्या वारकऱ्याला असा नेम समजावून सांगावा लागणार नाही.

त्या काळी कोरियन माणसाला सभा भरवणं अवघड, मोर्चा काढणं त्याहून अवघड. पण फुटबॉलच्या सामन्याला हजारो लोक जमले आणि पोट भरून ओरडले, तर त्याला राजद्रोह कसा म्हणणार? १९२९ पासून सोल आणि प्योंगयांग या दोन शहरांमधले सामने सुरू झाले आणि त्यांना जत्रेसारखी गर्दी होऊ लागली. त्याच वर्षी ग्वांगजू शहरातून विद्यार्थ्यांचं आंदोलन उसळलं आणि देशभर पसरलं. किम तेव्हा सोलमध्ये शिकत होते. त्यात भाग घेतल्याबद्दल त्यांना शाळा सोडावी लागली. फुटबॉल मात्र सुटला नाही.

१९३५ साली सोलच्या संघाने एक पराक्रम केला. टोकियोला जाऊन अखिल जपान अजिंक्यपद स्पर्धेत भाग घेतला आणि अंतिम सामन्यात जपानी विद्यापीठाच्या संघाला सहा विरुद्ध एक अशा गोलांनी लोळवलं. पुढच्याच वर्षी बर्लिनचं ऑलिंपिक होतं. जपानचा अजिंक्य संघ कोरियनांचा, तेव्हा ऑलिंपिकला जाणाऱ्या संघात निम्मे तरी कोरियन असावेत, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात बहुतेक जागा वासेदा विद्यापीठाच्या जपानी विद्यार्थ्यांना मिळाल्या. कोरियनांच्या वाट्याला दोन आल्या. त्यातला एक खेळाडू या अन्यायाच्या निषेधार्थ बाहेर पडला. उरले किम योंग-सिक.

जावं की न जावं? गेलं तर आपल्याच लोकांनी पाठ फिरवायची भीती. न जावं, तर जगाचा फुटबॉल पाहायची संधी जन्मात पुन्हा येईल की नाही कोण जाणे. कोरियाच्या फुटबॉल संघटनेचे प्रमुख तेव्हा ल्यो उन-ह्योंग होते. हे स्वातंत्र्य चळवळीतले मोठे नेते आणि एका वृत्तपत्राचे चालक. त्यांनी किमना जायचा सल्ला दिला, असं सांगितलं जातं. किम गेले. सैबेरियातून आगगाडीने बर्लिनला पोचले. तिथे त्यांचं नावसुद्धा त्यांचं राहिलं नाही. जपानी उच्चाराप्रमाणे ते किन योशोकु झाले.

४ ऑगस्ट १९३६. जपानचा सामना स्वीडनशी. स्वीडन बलाढ्य, जपान नवखा. मध्यंतराला स्वीडन दोन गोलांनी पुढे. पण दुसऱ्या अर्ध्या डावात चित्र पालटलं. जपानने एक गोल फेडला, मग दुसरा, आणि सामना संपायला पाच मिनिटं उरलेली असताना तिसरा गोल झाला. तीन-दोन. स्वीडनच्या रेडिओवरचा निवेदक, जिकडेतिकडे जपानीच दिसत असल्याचं सांगून सांगून थकला. जपानात या सामन्याला आजही बर्लिनचा चमत्कार म्हणतात. त्या जिकडेतिकडे दिसणाऱ्या जपान्यांमध्ये मधल्या फळीत अखंड धावणारा एक जण जपानी नव्हता. हे निवेदकाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तीन दिवसांनी इटलीने याच संघाचा आठ-शून्य असा धुव्वा उडवला आणि किमचं ऑलिंपिक संपलं.

९ ऑगस्टला आणखी एका कोरियनाने बर्लिन गाजवलं. सोन की-जोंग मॅरेथॉन जिंकला. विजयमंचावर तो मान खाली घालून उभा राहिला, कारण त्याच्यासाठी वर चढत होता तो जपानचा झेंडा. सोलच्या वृत्तपत्रांनी त्याचा फोटो छापताना छातीवरचा जपानी झेंडा पुसून टाकला. त्याची किंमतही मोजली. दोंग-आ इल्बोवर महिनोन् महिने बंदी आली आणि ल्यो उन-ह्योंग यांचं वृत्तपत्र तर कायमचं बंद पडलं.

याच बर्लिनमध्ये आपला हॉकी संघ होता, हे विसरून चालणार नाही. ध्यानचंदच्या संघाने १५ ऑगस्टला अंतिम सामन्यात जर्मनीला आठ-एक असं हरवलं. संचलनात त्यांच्यापुढे ब्रिटिश हिंदुस्थानचा झेंडा होता. पण सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी तिरंग्याला वंदन केलं होतं. दुसऱ्याच्या झेंड्याखाली जिंकायचं म्हणजे काय, हे त्या उन्हाळ्यात आपल्या आणि कोरियाच्या मुलांना सारखंच कळलं.

बर्लिननंतर किम खेळतच राहिले. सोलकडून खेळले, काही काळ प्योंगयांगकडूनही खेळले. १९४५ साली जपान हरला आणि कोरिया मोकळा झाला. पण त्या मोकळ्या झालेल्या देशाच्या मधोमध अडतिसाव्या अक्षांशावर रेघ मारली गेली. उत्तरेला रशियन, दक्षिणेला अमेरिकन. सोल आणि प्योंगयांगचा शेवटचा सामना १९४६ साली झाला. दोन्ही शहरांच्या जर्सी घातलेल्या या माणसाला एक शहर कायमचं परकं झालं, आणि जन्मगावही रेघेपलीकडे राहिलं. १९४७ च्या जुलैत ल्यो उन-ह्योंग यांचा सोलच्या रस्त्यावर भरदिवसा खून झाला.

आणि मग आलं १९४८ चं लंडन ऑलिंपिक. कोरियाचा संघ जहाज, आगगाडी, विमान असं करत मजल दरमजल लंडनला पोचला. दक्षिण कोरियाच्या प्रजासत्ताकाची घोषणा व्हायची होती १५ ऑगस्ट १९४८ रोजी. ऑलिंपिक त्याच्या आदल्या दिवशी संपत होतं. म्हणजे सरकार स्थापन होण्याआधी या खेळाडूंनी आपला झेंडा जगापुढे नेला. त्या फुटबॉल संघात एक खेळाडू नुकताच अडतीस वर्षांचा झाला होता. बाकीची मुलं त्याला वडीलभावासारखं मानत असणार. २ ऑगस्टला मेक्सिकोविरुद्ध किम योंग-सिक स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या झेंड्याखाली ऑलिंपिकच्या मैदानात उतरले. कोरियाने मेक्सिकोला पाच-तीन असं हरवलं.

पुढचा सामना ५ ऑगस्टला. समोर पुन्हा स्वीडन. बारा वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या जर्सीत ज्या देशाला पाणी पाजलं होतं, तोच देश. या वेळी स्वीडनने बारा गोल केले आणि कोरियाने एकही नाही. या स्वीडनने पुढे सुवर्णपदक जिंकलं, ही गोष्ट खरी. पण बारा म्हणजे बाराच. आठवड्याभरात, १२ ऑगस्टला, आपल्या हॉकी संघाने वेम्बलीवर ब्रिटनला चार-शून्य हरवून तिरंगा फडकवला. आपलं नशीब थोर, आपला झेंडा जिंकतच वर गेला. कोरियाच्या झेंड्याच्या वाट्याला आधी हार आली.

मला नातवाला सांगायचं आहे ते इथेच. बर्लिनचा विजय किमच्या खात्यात जमा झाला नाही, तो जपानच्या झाला. लंडनची हार मात्र त्यांची स्वतःची होती. स्वतःची हार माणसाला काही शिकवते. उसन्या विजयाचं तसं नाही. त्याच लंडनमध्ये आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना कुस्तीत सहाव्या स्थानावर समाधान मानावं लागलं होतं. चार वर्षांनी हेलसिंकीचं कांस्यपदक आलं, ते त्या सहाव्या क्रमांकाच्या पायरीवरून.

कोरियाला मात्र चार वर्षं शांतपणे मिळाली नाहीत. १९५० साली युद्ध पेटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात, माघार घेणाऱ्या उत्तरेच्या सैनिकांनी सिनचोनला किमच्या वृद्ध वडिलांना ठार मारलं. १९५३ च्या जुलैत शस्त्रसंधी झाली तेव्हा सोल शहर उद्ध्वस्त झालेलं होतं. त्यानंतर आठ महिन्यांनी कोरियाला विश्वचषकाच्या पात्रतेसाठी जपानशी खेळायचं होतं. एक सामना सोलला, एक टोकियोला, असा रिवाज. अध्यक्ष सिंगमन री यांनी जपानी संघाला कोरियाच्या भूमीवर पाऊल ठेवू द्यायला नकार दिला. मग दोन्ही सामने टोकियोतच झाले. पहिला कोरियाने पाच-एक जिंकला, दुसरा दोन-दोन बरोबरीत सुटला. कोरिया पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरला.

स्वित्झर्लंडला जाताना संघाची सूत्रं किमकडे आली. वय चव्वेचाळिसाच्या घरात. सगळ्यांना एका विमानात जागा मिळेना, म्हणून संघ तुकड्या-तुकड्यांनी निघाला. पहिली तुकडी झुरिचला पोचली ती सामन्याच्या आदल्या रात्री. दुसऱ्या दिवशी, १७ जून १९५४ रोजी, समोर हंगेरी. पुष्काश आणि कोचिशचा तो संघ वर्षानुवर्षं हरला नव्हता, इंग्लंडला वेम्बलीवर सहा गोल घालून आला होता. प्रवासाने आंबलेल्या कोरियन मुलांचे पाय दुसऱ्या अर्ध्या डावात जागच्या जागी थिजले, पेटके येऊन काही जण खाली बसले. बदली खेळाडूची सोय त्या काळी नव्हती. गोलरक्षक हाँग दोक-योंग याने किती चेंडू अडवले याची गणती नाही, तरी नऊ आत गेले. हाच गोलरक्षक लंडनलाही होता. त्याने आणि किमने मिळून काय काय पाहिलं असेल! तीन दिवसांनी जिनिव्हात तुर्कस्तानने सात गोल केले. दोन सामने, सोळा गोल, परतीचा प्रवास.

पण गोष्ट इथे संपत नाही. दोनच वर्षांनी, १९५६ साली, हाँगकाँगला पहिली आशिया चषक स्पर्धा झाली आणि कोरियाने ती जिंकली. १९६० साली सोलमध्ये पुन्हा जिंकली. सोळा गोल खाल्लेल्या संघाने मैदान सोडलं नव्हतं. किमनीही सोडलं नाही. चाळिशी उलटेपर्यंत ते खेळले, मग शिकवत राहिले. १९८० साली कोरियाचा पहिला व्यावसायिक क्लब हल्लेलुया स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले प्रशिक्षक म्हणून सत्तरीतले किम योंग-सिक मैदानात उभे होते.

१९८५ च्या मार्चमध्ये ते गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सोलमध्ये कोरियाने जपानला हरवलं आणि बत्तीस वर्षांनी पुन्हा विश्वचषक खेळायचा मान मिळवला. तो सामना पाहायला ते आठ महिने कमी पडले. २००२ साली कोरिया आणि जपान यांनी मिळून विश्वचषक भरवला. तो मी घरी बसून पाहिला. ज्या इटलीने बर्लिनमध्ये आठ गोल घातले होते, त्या इटलीला कोरियाने दोन-एक असं हरवलं आणि पुढे उपांत्य फेरी गाठली. तेव्हा मला किम योंग-सिक हे नावही ठाऊक नव्हतं. पुढे कुठेसं वाचलं आणि मग ते डोक्यातून गेलं नाही. २००५ साली कोरियाच्या फुटबॉल संघटनेने मानाचं दालन उघडलं, तेव्हा पहिल्या सात जणांत त्यांचं नाव होतं.

नातू आता त्याच्या गावी परत गेला आहे. वही मात्र इथेच विसरून गेला. काल चाळून पाहिली. कोरियाच्या पानावर सोन ह्युंग-मिन अजून पहिलाच आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच्याही वर, समासात, पेन्सिलीने एक नाव लिहिलेलं आहे. त्याला क्रमांक दिलेला नाही. मला वाटतं, तीच त्या नावाची योग्य जागा आहे.